भावार्थी कोण? ख्रिस्ती मराठी ग्रंथांतील अंतर्गुणांचा विचार

पोथ्यांच्या रुमालांत एखादें सुटें पान असें असूं शकतें कीं, त्यांतील ओवी शुद्ध मराठी वळणाची, शब्द वैकुंठ, कृपा, भक्ति, भावार्थ असे नित्य परिचयाचे, आणि तरीहि विषय मात्र लागत नाहीं. अशा पानाची नोंद ‘संप्रदाय अज्ञात, भक्तिपर’ एवढ्यावर आटोपणें सोपें असतें. परंतु तें पान सतराव्या शतकांतील गोमंतकीय ख्रिस्ती वाङ्मयाचें असल्यास अशा नोंदीनें तें कायमचें हरवतें. हें वाङ्मय ओळखावयाचें तर त्यांतील देवांचीं व व्यक्तींचीं नांवें पुरेशीं होत नाहींत. कारण उपदेशाच्या भागांत पुष्कळदां नांव येतच नाहीं. तेथें वर्णन असतें तें माणसाच्या अंतःकरणाचें: देवाला भक्ताच्या ठिकाणीं काय हवें, याचें. म्हणून हे अंतर्गुण कोणते, ख्रिस्ती शास्त्रांत त्यांचा क्रम काय, मराठींत त्यांस कोणते शब्द लाभले, आणि त्यांवरून लेखाचा काल व पंथ यांविषयीं कितपत अनुमान करतां येतें, याचा थोडक्यांत विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या वाङ्मयाचा मुख्य ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ख्रिस्तपुराण. ग्रंथकर्ते जन्मानें इंग्रज व येशूसंघाचे पाद्री. ते इ. स. १५७९ च्या आक्टोबरांत गोव्यास पोंचले आणि पुढील चाळीस वर्षांपैकीं बहुतेक काळ सासष्टी महालांत घालवून १६१९ सालीं तेथेंच वारले. त्यांचें पुराण राशोल येथें १६१६ सालीं रोमन लिपींत छापलें गेलें. १६४९ व १६५४ या सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. परंतु या तिन्ही छापांची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांमुळें. मंगळूर येथें जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं जी आवृत्ति काढली, तिचा आधारहि अशा नकलाच होत. विल्यम मार्सडन यांच्या संग्रहांतून लंडनच्या पौर्वात्य विद्यालयांत गेलेली देवनागरी प्रत जस्टिन ॲबट यांनीं या शतकापूर्वीच्या शतकांत, १९२३ च्या सुमारास, विद्वानांच्या नजरेस आणली. रोमन प्रतींत जेथें पोर्तुगीज धर्मशब्द येतात, तेथें या प्रतींत अनेक ठिकाणीं संस्कृत शब्द आहेत. दोहोंपैकीं कोणती मूळाजवळची, हा वाद आहे. तथापि एकच ओवी दोन वेषांत वावरूं शकते, एवढी गोष्ट तरी संग्राहकानें लक्षांत ठेवावी.

ग्रंथाच्या आरंभींचा प्रसंग आमच्या विषयास फार उपयोगी आहे. सासष्टींतील इगर्जींत धर्मशिक्षण चाललें असतां नव्यानें ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्रीस विचारतो कीं, आमचीं पूर्वीचीं पुराणें बंद झालीं, तर त्यांच्या जागीं मनाला आधार होईल असें दुसरें पुराण मराठींत कां होऊं नये? या प्रश्नांत त्या काळची सर्व स्थिति आली आहे. बाप्तिस्मा झाला, नांव बदललें, देवळाची जागा इगर्जीनें घेतली. परंतु अंतःकरणास अद्याप अन्न मिळालें नव्हतें. बाह्य धर्मांतर आणि आंतरिक धर्म यांमध्यें जें अंतर राहिलें होतें, तें भरून काढण्यासाठीं हा सुमारें अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ झाला.

देव अंतःकरण पाहतो, हा सिद्धांत ख्रिस्ती धर्मानें यहुदी शास्त्रांतून घेतला. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथांत राजा निवडण्याच्या प्रसंगीं संदेष्ट्यास हेंच सांगितलें आहे: मनुष्याची दृष्टि रूपावर जाते, देवाची हृदयावर. मीखा या संदेष्ट्यानें होमबलींच्या संख्येवर देव संतुष्ट होतो काय, असा प्रश्न करून देवाची मागणी तीन गोष्टींत आणली: न्यायानें वागणें, दयेची आवड धरणें, आणि देवासमोर नम्रपणें चालणें. एक्कावन्नाव्या स्तोत्रांत यज्ञाऐवजीं भग्न व अनुतप्त हृदय हेंच देवास आवडणारें अर्पण म्हटलें आहे. येशूचा डोंगरावरील उपदेश याच परंपरेचा कळस होय. तेथें खून निषिद्ध आहेच, परंतु त्याच्या मुळाशीं असलेला क्रोधहि निषिद्ध आहे; दान विहित आहे, परंतु तें लोकांनीं पाहावें या हेतूनें केल्यास निष्फळ आहे.

या गुणांत पहिलें स्थान श्रद्धेचें. ख्रिस्तपुराणांत तिच्यासाठीं योजिलेला शब्द ‘भावार्थ’ हा होय, आणि श्रद्धा ठेवणारा तो ‘भावार्थी’. येथें वाचकाची फसगत होण्याचा संभव फार. ज्ञानेश्वरीच्या ‘भावार्थदीपिका’ या नांवांत भावार्थ म्हणजे गीतेच्या बोलण्यांतील आशय. एकनाथांच्या ‘भावार्थरामायणा’चें नांवहि त्याच परंपरेंतील. ख्रिस्ती ग्रंथांत मात्र हा शब्द लॅटिन ‘फिदेस’ याच्या जागीं उभा आहे. तेव्हां ‘भावार्थी’ म्हणजे टीकाकार नव्हे, रसिक नव्हे. प्रभूच्या वचनावर भरंवसा ठेवून बाप्तिस्म्यानें मंडळींत आलेला मनुष्य. गोव्यांतील ख्रिस्ती कोंकणींत हा शब्द याच अर्थानें आजहि चालतो. मराठी प्रॉटेस्टंट ग्रंथांत त्याच्या जागीं ‘विश्वास’ हा शब्द रूढ झाला. यावरून हें एकच पद पंथ ओळखण्यास पुष्कळ उपयोगी पडतें.

श्रद्धेच्या जोडीला आशा व प्रीति हे आणखी दोन गुण येतात. पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायांत हें त्रिक आहे, आणि त्यांत प्रीति श्रेष्ठ ठरविली आहे. कॅथलिक शास्त्रकार या तिघांस ‘देवविषयक गुण’ म्हणतात. कारण त्यांचा उगम देवाच्या कृपेंत, आणि त्यांचें लक्ष्यहि देवच. मनुष्यानें अभ्यासानें मिळवावयाचे गुण वेगळे: विवेक, न्याय, धैर्य आणि संयम हे चार, हें चतुष्टय ग्रीक तत्त्वज्ञांकडून आलेलें. तीन आणि चार मिळून सात. एखाद्या जुन्या टिपणांत सात सद्गुणांची अशी यादी दिसल्यास ती बहुधा याच वर्गीकरणाची असते.

येथें पंथभेदाचा मुद्दा सांगणें अवश्य आहे. ट्रेंटच्या धर्मसभेनें १५४७ सालीं असा निर्णय दिला कीं, केवळ श्रद्धा तारण्यास पुरेशी नाहीं. तिच्यांत प्रीति व आशा यांचा संचार झाला पाहिजे. स्टीफन्स या सभेनंतरच्या पिढीचे. म्हणून त्यांच्या परंपरेंत श्रद्धा ही सत्कृत्यांपासून तोडून दाखवीत नाहींत. उलट लूथरच्या पंथपरंपरेंत मनुष्य श्रद्धेनेंच नीतिमान ठरतो, आणि इतर गुण हे त्या श्रद्धेचें फळ होत. दोन्ही पक्षीं गुण तेच. फरक आहे तो त्यांच्या जागेचा. एकोणिसाव्या शतकांतील मराठी मिशनरी पत्रकांत सत्कर्मानें तारण होत नाहीं, हा मुद्दा वारंवार येतो. त्याचा रोख हिंदु कर्मकांडावर जितका, तितकाच कॅथलिक मतावरहि लागू पडतो.

दुसरा गुण दीनतेचा. डोंगरावरील उपदेशाच्या आरंभीं ज्यांस धन्य म्हटलें आहे, त्यांत पहिले ‘आत्म्यानें दीन’ असे लोक होत. मराठींत दीन या शब्दास दारिद्र्य, केविलवाणेपणा आणि शरणागति अशा तिन्ही छटा आहेत. मूळ कल्पना तिसऱ्या छटेजवळची. आपल्याजवळ देवापुढें मिरविण्यासारखें कांहीं नाहीं, ही जाणीव म्हणजे ही दीनता. लूकच्या शुभवर्तमानांतील परूशी व जकातदार यांच्या दृष्टांतांत हीच गोष्ट आहे. एक आपले उपास व दशमांश मोजून दाखवितो, दुसरा दूर उभा राहून केवळ दया मागतो. आणि नीतिमान ठरून घरीं जातो तो दुसरा. मराठी संतांच्या वाणींत अभिमानाचा असाच धिक्कार आहे, त्यामुळें या ठिकाणीं दोन्ही वाङ्मयें एकमेकांच्या फार जवळ येतात. सुट्या ओवीवरून निर्णय करणें येथेंच सर्वांत कठीण जातें.

तिसरा गुण अंतःकरणाची शुद्धि. महाराष्ट्रांतील वाचकास शुद्धि म्हटली कीं स्नान, सोवळें, विटाळ या गोष्टी आठवतात. यहुदी समाजांतहि अन्न व स्पर्श यांविषयींचे असेच निर्बंध होते. मार्कच्या सातव्या अध्यायांत येशूनें त्यांचा रोख फिरविला: बाहेरून पोटांत जाणाऱ्या पदार्थानें मनुष्य अशुद्ध होत नाहीं, तर अंतःकरणांतून निघणाऱ्या लोभ, कपट, मत्सर, अहंकार यांनीं होतो. ही शिकवण सासष्टींतील ब्राह्मण श्रोत्यांपुढें मराठींत मांडणें हें केवळ भाषांतराचें काम नव्हतें. ज्या शब्दानें सोवळ्याचा बोध होई, त्याच शब्दास नवा अर्थ द्यावयाचा होता.

चवथा गुण अनुताप. कॅथलिक शास्त्रानें यांत दोन पायऱ्या केल्या आहेत. नरकाच्या शिक्षेच्या भयानें पापाबद्दल वाटणारा खेद ही खालची पायरी. ज्या देवानें प्रेम केलें त्याचा आपण अपराध केला, या विचारानें वाटणारा खेद ही वरची. ट्रेंटच्या सभेनें १५५१ सालीं पहिल्यास अपूर्ण व दुसऱ्यास पूर्ण अनुताप ठरविलें. पहिला त्याज्य नाहीं, कबुलीच्या संस्कारास तो मनुष्याला तयार करतो. परंतु देवाची खरी अपेक्षा दुसऱ्याची आहे. भय आणि प्रेम यांतील हा भेद पुढें आमच्या निर्णयास लागणार आहे.

आतां गणनेच्या कांहीं खुणा सांगतों. हस्तलिखित पाहणारास त्या हाताशीं असाव्यात. पहिली खूण पापांच्या यादीची. आपल्याकडे षड्रिपु सहा: काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर. पोप थोरले ग्रेगरी (५९०–६०४) यांच्या काळापासून पाश्चात्य मंडळींत दृढ झालेलीं मूळ पापें सात: गर्व, लोभ, काम, क्रोध, खादाडपणा, मत्सर, आळस. दोन्ही याद्यांत पांच शत्रु समान आहेत. ‘मोह’ ख्रिस्ती यादींत नाहीं. ‘खादाडपणा’ व ‘आळस’ षड्रिपूंत नाहींत. तेव्हां अंतःशत्रूंची संख्या सात असून त्यांत आळस व अतिभोजन येत असेल, तर लेख ख्रिस्ती असल्याचा बळकट संशय घ्यावा. प्रत्येक पापासमोर त्याचा प्रतिपक्षी गुण ठेवण्याचीहि पद्धति आहे: गर्वास नम्रता, लोभास औदार्य, कामास शुचिता, क्रोधास सहनशीलता, खादाडपणास मिताहार, मत्सरास बंधुप्रेम, आळसास तत्परता.

दुसरी खूण अधिक नाजूक असून अधिक उपयोगाची आहे. पौलानें गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत पवित्र आत्म्याचीं फळें सांगितलीं आहेत. ग्रीक मूळांत तीं नऊ: प्रीति, आनंद, शांति, सहनशीलता, दयाळूपणा, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि आत्मसंयम. रोमन मंडळीनें प्रमाण मानलेल्या लॅटिन भाषांतरांत, १५९२ च्या पाठांत, तींच फळें बारा झालीं. सहनशीलता, सौम्यता व संयम या तीन ग्रीक शब्दांसाठीं प्रत्येकीं दोन दोन लॅटिन शब्द तेथें ठेवले गेले, त्यामुळें तीनांची भर पडली. कॅथलिक धर्मशिक्षणांत बारा फळें हीच गणना चालू राहिली. प्रॉटेस्टंट भाषांतरकार ग्रीक मूळाकडे गेले, म्हणून त्यांच्याकडे नऊ. यास्तव एखाद्या जुन्या मराठी लेखांत आत्म्याचीं बारा फळें असतील तर त्याचा उगम लॅटिन परंपरेंत आहे असें धरण्यास हरकत नाहीं. उलट नऊ असल्यास मात्र घाई करूं नये; कारण अलीकडील कॅथलिक भाषांतरेंहि ग्रीक मूळास धरून नऊच देतात, आणि लॅटिन पाठाची १९७९ सालची नवी आवृत्तिहि तशीच आहे. आधीं कागद व अक्षर पाहून काल ठरवावा, मग ही कसोटी लावावी.

तिसरी खूणहि अशीच. यशयाच्या अकराव्या अध्यायांत आत्म्याचीं दानें आहेत. हिब्रूंत तीं सहा: ज्ञान, समज, मसलत, सामर्थ्य, विद्या आणि देवाचें भय, शेवटचें तेथें दोनदां येतें. ग्रीक भाषांतरकारांनीं पहिल्या ठिकाणीं भय न म्हणतां ‘भक्ति’ म्हटलें, आणि लॅटिननें तेंच घेतलें. त्यामुळें संख्या सात झाली व सात दानांचा पाठ रूढ झाला. ज्या यादींत भक्ति आणि देवभय अशीं दोन्ही दानें वेगवेगळीं मोजलीं आहेत, ती यादी या ग्रीक-लॅटिन मार्गानेंच आली असली पाहिजे.

या खुणा लावतांना कोंकणी ग्रंथांचीहि आठवण ठेवावी. स्टीफन्स यांचाच कोंकणी धर्मशिक्षणग्रंथ त्यांच्या मागें १६२२ सालीं राशोल येथें निघाला. त्यांत गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांची रीति आहे. फ्रेंच पाद्री एत्येन द ला क्र्वा यांनीं सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत संत पीटर याचें पुराण मराठींत रचलें. ओवीबद्ध पुराण आणि प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षण या दोन प्रकारांत गुणांची मांडणी निराळी असते: धर्मशिक्षणांत ते संख्येनें येतात, पुराणांत कथेंतून येतात. संख्येच्या कसोट्या पहिल्यास चांगल्या लागू पडतात; दुसऱ्यास शब्दांची कसोटी अधिक विश्वसनीय.

आतां मुख्य प्रश्न. ज्या शास्त्रांत देवाला हवें तें अंतःकरण, त्याच शास्त्राच्या नांवानें गोव्यांत जें घडलें त्याची संगति कशी लावावी? सासष्टींतील देवळें १५६७ सालीं पाडलीं गेलीं. त्याच वर्षीं भरलेल्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक धर्मसभेनें धमकी व दहशत यांनीं कोणास बाप्तिस्मा देणें योग्य नव्हे असा ठराव केला, आणि त्याच बैठकींत हिंदूंचे ग्रंथ, पुरोहित व उत्सव यांवर निर्बंधहि मागितले. धर्मसमीक्षणसंस्था, जिला ‘इन्क्विझिशन’ म्हणतात, ती गोव्यांत १५६० पासून १८१२ पर्यंत, मधलीं कांहीं वर्षें वगळतां, चालली. १६८४ सालीं सरकारी आज्ञेनें लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावें असें ठरलें. १७३६ च्या जाहीरनाम्यांत ख्रिस्ती झालेल्यांच्या घरची तुळस, धोतर, हळद, लग्नांतील गाणीं यांची मनाई आहे. म्हणजे पुराण अंतःकरणाचा शोध घेत होतें, तर शासन अंगण, वस्त्र व जीभ तपाशीत होतें.

यावर दोन सोपीं उत्तरें दिलीं जातात, आणि दोन्ही आम्हांस अपुरीं वाटतात. एक पक्ष म्हणतो, उपदेश हा जुलमावरील पडदा होय. दुसरा म्हणतो, उपदेश इतका उदात्त असतां जुलमाच्या कथा अतिरंजित असल्या पाहिजेत. पहिला पक्ष ग्रंथ वाचीत नाहीं, दुसरा जाहीरनामे वाचीत नाहीं. दोन्ही कागद खरे आहेत. पण ते वेगवेगळ्या प्रश्नांचीं उत्तरें देतात. जाहीरनाम्यावरून सत्तेला प्रजेकडून काय हवें होतें तें कळतें. ग्रंथावरून देवाला भक्ताकडून काय हवें, असें उपदेशक मानीत होता, तें कळतें. शिवाय ग्रंथाचें शास्त्रच त्या सत्तेविरुद्ध साक्ष देतें. भयानें वाटणारा अनुताप अपूर्ण, असें ज्या मंडळीनें ठरविलें, तिच्याच आश्रयाखालीं भय हें धर्मरक्षणाचें साधन झालें. खालच्या पायरीच्या पलीकडे जें साधन मनुष्यास नेऊं शकत नाहीं, त्यावर शासन विसंबलें. आणि वरची पायरी दाखविण्याचें काम एका इंग्रज पाद्र्याच्या मराठी ओव्यांवर येऊन पडलें. तो पाद्री या व्यवस्थेच्या बाहेर होता असें मात्र नव्हे. ब्राह्मण श्रोत्याचीं पुराणें ज्यांनीं बंद केलीं, त्यांच्याच बाजूस तो उभा होता. हें दोन्ही ध्यानांत ठेवूनच त्याचा ग्रंथ वाचला पाहिजे.

१६८४ च्या आज्ञेनंतरहि त्याच्या नकला होत राहिल्या आणि मंगळूरकडे गेलेल्या कुटुंबांत त्यांचें गायन चाललें, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. जी भाषा सोडण्याचा हुकूम झाला, त्याच भाषेंत लोकांनीं आपली श्रद्धा जतन केली. यावरून दिसतें कीं, निदान कांहीं घराण्यांत तरी भावार्थ हा हुकुमाचा विषय उरला नव्हता, तो आपला झाला होता.

पुढें ब्रिटिश अमदानींत मराठी ख्रिस्ती परिभाषा पुन्हा नव्यानें घडली. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनीं हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलाचें मराठी भाषांतर केलें; तें त्यांच्या पश्चात् १९२४ सालीं निघालें. संस्कृत तत्त्वज्ञानाचे संस्कार ज्यांस चिकटले आहेत असे शब्द टाळून साध्या बायकांस कळेल अशी मराठी योजावी, हा त्यांचा कटाक्ष होता. नारायण वामन टिळक यांनीं (मृत्यु १९१९) उलट संतपरंपरेची ओवी व अभंग हींच जवळ केलीं. तीन शतकांपूर्वी स्टीफन्स यांच्यापुढें जो प्रश्न होता, तोच या दोघांपुढें होता: परिचित शब्द घ्यावा तर जुना अर्थ येतो, नवा शब्द घ्यावा तर अंतःकरणापर्यंत पोंचत नाहीं.

संग्राहकांस शेवटीं एवढीच विनंति कीं, अशा पानाची नोंद करतांना ‘भक्तिपर’ या एका शब्दावर थांबूं नये. भावार्थ किंवा विश्वास यांपैकीं कोणता शब्द आहे, गुणांची व पापांची संख्या किती, अनुतापाचें कारण भय दाखविलें आहे कीं प्रीति, आणि लिपि कोणती, इतक्या गोष्टी मूळ शब्दांसह उतरून ठेवाव्यात. मार्जिनांतील दुसऱ्या हातचे फेरफार तर अवश्य उतरावे. एखाद्या वाचणारानें पोर्तुगीज शब्द खोडून मराठी शब्द घातला असेल, तर ती खाडाखोड नव्हे, पुरावा होय. अशा नोंदी जमल्या म्हणजे सासष्टींतील त्या श्रोत्याच्या प्रश्नास लोकांनीं पुढें काय उत्तर दिलें, हें जाहीरनाम्यांवरून नव्हे, तर त्यांच्याच हस्ताक्षरांवरून सांगतां येईल.